तीस पावलांची वाळू

पहारेकऱ्याने शिट्टी वाजवली, तेव्हा मोजणीदाराची बायको उताराच्या टोकाला उभी होती. चार पायांची काठी तिने नुकतीच पुढे वाळूत टेकवली होती आणि आता डाव्या पायाची समजूत घालून त्याला उचलणार होती.

“आजी, इथून नाही. पुढे खासगी आहे.”

“काय खासगी आहे?” मोजणीदाराने विचारलं.

“वाळू.”

मोजणीदार अडतीस वर्षं मोजणी खात्यात काढून निवृत्त झाला होता. गावात कुणाची भिंत कुणाच्या अंगणात किती बोटं शिरली आहे, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. घर खासगी, विहीर खासगी, एकदा तर एका जिन्याच्या सहा पायऱ्या एका भावाच्या आणि सात दुसऱ्याच्या, हेही त्याने पाहिलं होतं. पण समुद्राची वाळू खासगी! त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“कालपर्यंत नव्हती ती?”

“काल दोरी नव्हती काका. आज आहे. मी काय करू?” पहारेकरी म्हणाला. माणूस वाईट नव्हता. त्याच्या गळ्यात शिट्टी होती आणि मागे हॉटेलची भिंत होती, एवढाच त्याचा दोष.

दोरी हॉटेलच्या भिंतीपासून निघून वाळूतून खाली गेली होती. तिथे एक जुना हद्दीचा दगड होता, त्याला वळसा घालून ती परत भिंतीकडे आली होती. मध्ये पांढऱ्या आरामखुर्च्या आणि एक पाटी: ‘फक्त पाहुण्यांसाठी.’ मोजणीदाराने तिथल्या तिथे डोळ्यांनी अंतर घेतलं. तीस पावलं. उताराचा रस्ता नगरपालिकेने लोकांच्या पैशातून बांधलेला, म्हणजे लोकांचा. खालचा समुद्र अर्थातच लोकांचा. या दोहोंच्या मधली तीस पावलं वाळू तेवढी हॉटेलची. म्हणजे तुम्ही उतारावरून खाली या, समुद्राकडे पोटभर बघा आणि तसेच मागे फिरा.

“तिकडे बागेतून पायऱ्या आहेत की,” पहारेकऱ्याने हात केला.

बागेतून पायऱ्या होत्या. सतरा होत्या, कठड्याशिवाय, आणि त्या उतरल्यावर घोट्यापर्यंत पाय रुतणारी भुसभुशीत वाळू होती. धडधाकट माणसाला त्यात काही वाटलं नसतं. मोजणीदाराच्या बायकोला मागच्या वर्षी झटका आला होता आणि डावी बाजू गेली होती. चाकाच्या खुर्चीतून ती उठली ती या उतारामुळे. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, रोज सपाट, घट्ट वाळूवर घोटाभर पाण्यात चालवा. अशी वाळू अख्ख्या किनाऱ्यावर या एकाच जागी होती. पाच महिन्यांत ती चाकाच्या खुर्चीवरून धरून चालायच्या चौकटीवर आणि चौकटीवरून काठीवर आली होती. आता महिन्याभरात काठीही सुटेल, असं त्या बाई म्हणाल्या होत्या.

“चला घरी,” बायको म्हणाली. “त्याच्याशी भांडून काय होणार? दोरी त्याने थोडीच बांधलीय?”

“मग ज्याने बांधलीय त्याच्याशी भांडतो,” मोजणीदार म्हणाला.

आणि तो भांडला. हॉटेलच्या मॅनेजरने अतिशय गोड आवाजात त्याला एक नकाशा दाखवला. आमची जमीन कमाल भरतीच्या रेषेपर्यंत आहे, आणि कमाल भरतीची रेषा ही अशी त्या दगडावरून जाते, असं सरकारी नकाशातच आहे. नकाशा जुना होता, प्रत धूसर होती, खालच्या कोपऱ्यातलं काही वाचता येत नव्हतं. पण रेषा स्वच्छ दिसत होती, आणि तिच्यावर लिहिलं होतं: ‘कमाल भरती’.

मोजणीदाराने कपाळाला हात लावला. कमाल भरती! दर पंधरवड्याला, पौर्णिमा-अमावस्या उलटली की उधाणाचं पाणी त्या दगडावरून उडी मारून थेट हॉटेलच्या भिंतीला टेकतं, हे किनाऱ्यावरच्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. हॉटेलचे नोकर त्या दोन दिवशी मुकाट्याने आरामखुर्च्या उचलून आत नेत आणि पाणी उतरलं की परत मांडत. म्हणजे महिन्यातून दोनदा समुद्र स्वतः येऊन सांगत होता की ही वाळू माझी आहे, आणि महिन्यातून दोनदा हे लोक त्याच्यासमोरून खुर्च्या उचलून नेत होते. तरी नकाशावर रेषा तिथेच. कागदापुढे समुद्राचं कोण ऐकतो?

हे कसं झालं असेल, ते मोजणीदाराला लगेच कळलं. चंद्र अर्धा असतो तेव्हा भरती कमी चढते. तिला भांगाची भरती म्हणतात. उधाणापेक्षा पाणी कितीतरी खाली राहतं. कुणीतरी भांगाच्या दिवशी जाऊन मोजणी केली होती आणि तिच्यावर बिनदिक्कत ‘कमाल भरती’ असं लिहून टाकलं होतं.

त्याच संध्याकाळी त्याने पहिला अर्ज लिहिला. किनारा अधिकाऱ्यांना. अक्षर वळणदार, मुद्दे क्रमवार, भाषा मात्र घसरली. ‘सदर रेषा आखणारा मोजणीदार एक तर आंधळा असावा किंवा अक्कलशून्य,’ असं त्याने लिहिलं. दुसऱ्या अर्जात तो माणूस कामचुकार झाला. तिसऱ्यात, ‘अशा इसमाच्या हाती टेप देणाऱ्या खात्याची कीव येते.’ प्रत्येक अर्ज तो बायकोला मोठ्याने वाचून दाखवायचा. ती खिडकीपाशी बसून ऐकायची, डावा हात उजव्याने चोळत. एखादी शिवी जास्तच जमली की म्हणायची, “हे जरा जास्त होतंय.”

“जास्त? त्या गाढवामुळे तू घरात बसलीयस!”

ती पुन्हा हात चोळायला लागायची.

ती घरात बसली होती, हे मात्र खरं. पहिल्या आठवड्यात ती खोलीतल्या खोलीत चालली. दुसऱ्या आठवड्यात भिंत धरून चालली. तिसऱ्यात एके सकाळी मोजणीदाराने फरशीवर पाहिलं तर डाव्या चपलेची लांब रेघ उमटली होती. पाय उचलला जात नव्हता, ओढला जात होता. व्यायामवाल्या बाई येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, “हा महिना असाच गेला, तर परत चाकाची खुर्ची काढावी लागेल. मग ती सुटेल असं मी सांगू शकणार नाही.” मोजणीदाराने फडकं घेऊन ती रेघ पुसली आणि सहावा अर्ज लिहायला बसला. त्यात त्याने मागणी केली की सुनावणी जागेवरच घ्या, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी साडेबाराला. आणि मूळ नकाशा काढा, म्हणजे त्या महाभागाचं नाव तरी जगाला कळेल.

मागणी मंजूर झाली. दोन्ही मागण्या.

सुनावणीच्या चार दिवस आधी त्याला कार्यालयात बोलावणं आलं. रेकॉर्डची खोली त्याच्या ओळखीची होती: कापडात बांधलेले गठ्ठे, वाळवीच्या औषधाचा वास, एक पाय आखूड असलेलं टेबल. तिथला कारकून एकेकाळी त्याच्याच हाताखाली शिकलेला. आज तो नजर चुकवत होता.

“सापडला का मूळ नकाशा?”

“सापडला.”

“काढ बाहेर. बघू तरी कोण हे रत्न आहे ते.”

कारकून काढेना. “काका, तुम्ही चहा घ्या आधी.”

“चहा गेला चुलीत. नाव काय त्याचं? जिवंत आहे का मेला? मेला असेल तर त्याच्या फोटोसमोर जाऊन बोलून येतो.”

कारकुनाने नकाशा उलगडला आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

खालच्या कोपऱ्यात सही होती. पहिलं अक्षर मोठं, शेवटची शेपटी उजवीकडे वर गेलेली. गेले तीन आठवडे मोजणीदार तीच सही सहा अर्जांखाली करत होता.

खाली तारीख होती, सेहेचाळीस वर्षांपूर्वीची. नोकरीला लागून तेव्हा त्याला सहा महिने झाले होते. किनाऱ्याची कामं त्याने त्या एकाच वर्षी केली, नंतर जन्मभर आतल्या गावांत शेतं आणि परसं मोजली. हा प्लॉट, हा दगड, त्याला काही म्हणता काही आठवत नव्हतं.

“अर्ज मागे घ्या काका,” कारकून खिडकीशीच बोलल्यासारखा म्हणाला. “अजून वेळ आहे. किनारा अधिकारी बाईंनी हा गठ्ठा अजून उघडलेला नाही. तुम्ही मागे घेतलात तर मी तो परत कप्प्यात ठेवीन, कुणाला पत्ता लागणार नाही. तुमच्या नावाने आम्ही अजून नवीन पोरांना शिकवतो. ‘मोजणी करावी तर यांच्यासारखी.’ का उगाच?”

मोजणीदार घरी आला तो पडलेल्या चेहऱ्याने. बायकोने त्याच्याकडे एकदाच पाहिलं.

“निघालं वाटतं नाव,” ती म्हणाली.

“तुला कसं कळलं?”

“तारीख काय आहे त्यावर?”

त्याने सांगितली.

“मग बरोबर. आदल्या आठवड्यातल्या रविवारी माझ्या दादाचं लग्न होतं. तुमच्या साहेबांनी तुम्हाला त्याच रविवारी किनाऱ्यावर जायला सांगितलं होतं, उधाण आहे म्हणून. तुम्ही म्हणालात, मेहुण्याच्या लग्नात दिसलो नाही तर तुझी आई वर्षभर बोलेल. आणि गेलात आठ दिवसांनी. मी म्हटलं, साहेब रागावतील. तर मला काय म्हणालात, आठवतंय?”

मोजणीदाराला आठवलं, आणि आठवायला नको होतं असं झालं. तो आतल्या गावातला. त्या वयापर्यंत त्याने मोजलेली प्रत्येक वस्तू जागच्या जागी राहिली होती. रविवारी मोजलेलं शेत सोमवारीही तेवढंच भरत असे.

“‘समुद्र काय कुठे पळून जातोय?’” तो हळूच म्हणाला.

“हेच. अस्से हसलात तेव्हा!”

“म्हणजे तुला पहिल्यापासून माहीत होतं? मी तीन आठवडे स्वतःला शिव्या घालतोय आणि तू ऐकत बसलीस?”

“संशय होता. पहिले दोन-तीन अर्ज तर मजाच वाटली, खोटं का सांगू? सेहेचाळीस वर्षांत तुमची चूक काढायला मिळाली नव्हती, ती तुम्हीच काढत होतात, तीही नीट क्रमवार.” ती हसली, पण हसू तोंडाच्या उजव्या बाजूलाच आलं. मग तेही गेलं. “नंतर भीती वाटायला लागली. म्हटलं, यांना कळलं की हे गप्प बसतील. नाव जपायला.”

मोजणीदार खुर्चीत बसून राहिला. हॉटेलवरचा, मॅनेजरवरचा, दोरीवरचा सगळा राग अजून अंगात तसाच होता, पण त्याला आता जायला जागाच राहिली नव्हती. आठ दिवसांचा आळस केला होता त्याने. नुसता आळस असता तर एक वेळ चाललं असतं. न पाहिलेल्या पाण्यावर त्याने ‘कमाल भरती’ असं लिहिलं होतं, तेही वळणदार अक्षरात.

“थांबवणार आहात का?” बायकोने विचारलं.

ती उठली, भिंत धरून पाणी आणायला निघाली, आणि फरशीवर चपलेची रेघ उमटत गेली.

सुनावणीच्या दिवशी हॉटेलने तीस पावलांच्या वाळूवर छत्रीखाली एक टेबल आणि चार खुर्च्या मांडल्या होत्या. नोकर सवयीने सकाळपासून आरामखुर्च्या उचलायला लागले होते, पण मॅनेजरने दटावून त्या परत मांडायला लावल्या, कारण अधिकारी बाईंनी ते पाहिलं असतं. किनारा अधिकारी बाई तरुण होत्या, कपाळाला आठी आणि हातात जाड फाइल. शेजारी हॉटेलचे वकील, बूट चकचकीत. मोजणीदाराची बायको उतारावर, सावलीत एका स्टुलावर बसली होती. ते स्टूल पहारेकऱ्याने स्वतःचं आणून दिलं होतं.

पावणेबाराला सुरुवात झाली, आणि वकिलांनी उठून सहा अर्ज वाचायला घेतले. त्यांचं वाचन उत्तम होतं. ‘आंधळा.’ ‘अक्कलशून्य.’ ‘कामचुकार.’ ‘खात्याची कीव.’ उतारावर जमलेल्या माणसांत हशा पिकला. मग वकिलांनी मूळ नकाशा उंच धरला.

“आणि बाईसाहेब, हा जो अक्कलशून्य इसम आहे, तो इथेच उभा आहे! सही ताडून पाहा. आता माझा साधा प्रश्न आहे. अडतीस वर्षं खात्याने ज्यांचं नाव घेतलं, ते तेव्हा बरोबर होते, की आज वय झाल्यामुळे गोंधळलेत? आणि हा एक नकाशा चुकला म्हणत असतील, तर बाकीचे? अर्ध्या गावाच्या हद्दी यांच्या सहीवर उभ्या आहेत.”

हशा थांबला. आता सगळे मोजणीदाराकडे बघत होते. त्यांतल्या निम्म्यांच्या भिंती त्याने मोजलेल्या होत्या.

अधिकारी बाई म्हणाल्या, “काका, ही सही तुमची आहे?”

“माझी आहे.”

“रेषा?”

“रेषा माझी आहे आणि ती चुकीची आहे.” त्याचा आवाज आधी घोगरा निघाला, मग चढला. “मला रविवारी उधाणाला जायला सांगितलं होतं. मी मेहुण्याच्या लग्नाला गेलो. आठ दिवसांनी अर्ध्या चंद्राला आलो, पाणी जिथे दिसलं तिथे दगड रोवला, आणि वर ‘कमाल’ लिहून मोकळा झालो. तारीख बघा आणि जुनं पंचांग काढून चंद्र बघा. माझ्यावर विश्वास ठेवू नका. बाकीचे नकाशेही खुशाल तपासा, ज्याला शंका असेल त्याच्या घरी मी स्वतः टेप घेऊन येतो. पण यांनाही एक विचारा. दर पंधरा दिवसांनी हे खुर्च्या का उचलतात? माझी चूक मला माहीत नव्हती. यांना माहीत होती! माझ्या एका आळसावर यांनी दोरी बांधली आणि माझ्याच बायकोला शिट्टी वाजवून हाकललं!”

“आक्षेप आहे,” वकील म्हणाले. “पाणी कधीतरी अपवादाने वर येतं, म्हणून काही...”

त्यांनी खाली पाहिलं. चकचकीत बुटांभोवती पाणी फिरत होतं.

बोलण्याच्या नादात कुणाचं लक्षच नव्हतं. दगड केव्हाच बुडाला होता. पुढच्या लाटेने टेबलाचे पाय ओले केले, त्याच्या पुढचीने एक आरामखुर्ची अलगद उचलून मॅनेजरच्या गुडघ्याला लावली. नोकर धावले. अधिकारी बाईंनी साडी वर घेतली, फाइल छातीशी धरली आणि त्या शांतपणे उतारावर जाऊन उभ्या राहिल्या. घड्याळात पाहिलं. साडेबाराला पाणी हॉटेलच्या भिंतीला टेकलं, आणि दोरी त्यात तरंगत राहिली.

“हे अपवादाने, नाही का?” बाई वकिलांना म्हणाल्या. वकील एका पायावर उभे राहून बुटातलं पाणी काढत होते.

बाईंनी उतारावरच फाइल उघडली. “नवी मोजणी होईपर्यंत ही रेषा रद्द. दोरी आणि पाटी आजच्या आज काढायची. पण काका, आदेशात कारण द्यावं लागेल. चूक कुणाची, कशी, नावासकट. तो खात्यात सगळीकडे जाईल.”

“जाऊ द्या.”

“आणि अर्जातले हे शब्द?” त्यांची आठी थोडी सैल झाली. “अर्ज आदेशाला जोडावे लागतात. म्हणत असाल तर ते शब्द खोडून घेऊ. ‘अक्कलशून्य’ वगैरे.”

मोजणीदाराने बायकोकडे पाहिलं. ती स्टुलावरून उठत होती.

“राहू द्या,” तो म्हणाला. “योग्य माणसालाच लागलेत.”

“तुमचं झालं असेल तर या इकडे,” बायकोने हाक मारली. “पाणी उतरायच्या आत.”

पहारेकऱ्याने तरंगणारी दोरी हाताने ओढून बाजूला धरली. उताराच्या टोकाला घोटाभर पाणी होतं. वाळू कुणाची, हे विचारायला वाळूच उरली नव्हती. तिने एक हात मोजणीदाराच्या खांद्यावर ठेवला आणि चार पायांची काठी पाण्यात टेकवली.

“डावा,” ती स्वतःलाच म्हणाली, आणि पाय उचलला.